आवळीखालचं दुसरं पान

वैकुंठ चतुर्दशीला सकाळी वांगं गॅसवर भाजायला ठेवलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की एका बाईला एवढं मोठं वांगं काय करायचंय! पण हाताची सवय, दुसरं काय. अकरा वर्षं मी आवळी भोजनाला चौघींचं भरीत नेत आले. भाजीवाल्याकडे हात गेला तो मोठ्याच वांग्यावर. म्हटलं, असू दे, उरलं तर संध्याकाळी खाईन. एकटीचं स्वयंपाकघर म्हणजे नाहीतरी सकाळचं संध्याकाळी आणि संध्याकाळचं सकाळी.

चौघींचं आधी सांगते. सातपूरला आमची बैठ्या घरांची ओळ आहे. घरातली माणसं आसपासच्या कारखान्यांत, पाळ्यांमध्ये. आम्ही चौघी त्याच ओळीतल्या. कार्तिकात आवळीच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत जेवायचं, ही रीत प्रत्येकीला माहेरून ठाऊक होती. पण सातपुरात आवळी कुठून आणायची? जिकडे बघावं तिकडे पत्र्याच्या शेड. तेव्हा आमचे हे म्हणाले, "गंगापूर रोडच्या बाजूला महापालिकेची बाग आहे ना, तिथे मी बघितलंय झाड. चला, दाखवतो."

हे फिटर. बोल्ट नुसता बोटात धरून माप सांगायचे, आणि ते बरोबर यायचं. पण एकदा मेथी आणायला पाठवलं होतं तर शेपूची जुडी घेऊन आले आणि वर मला म्हणाले, "ही नवीन जातीची मेथी आहे." हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं. बागेत पार मागच्या कोपऱ्यात एका झाडापाशी हे उभे राहिले, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाले, "ही आवळी." पानं बारीक बारीक, झालरीसारखी. आम्ही सगळ्या माना वर करून बघायला लागलो.

माझी शेजारीण म्हणाली, "भाऊजी, आवळे कुठे दिसत नाहीत?"

"नर झाड आहे ते," हे म्हणाले. "पपईत नाही का नर असतो? त्याला फळ धरत नाही."

शेजारीण जराशी हसली आणि पदराने खालची जागा झाडायला लागली.

ही शेजारीण म्हणजे माझी ताई. नात्याची नव्हे, भिंतीला भिंत लागून घर, म्हणून ताई. त्या मला वहिनी म्हणायच्या. देवळा तालुक्यातल्या शेतकरी घरातली बाई, कांद्याच्या चाळीत वाढलेली. यजमान लवकर गेले. शिवणकाम करून एकुलता एक मुलगा शिकवला. बोलणं आमच्यासारखंच, पण मनातून हलल्या की माहेरची अहिराणी बाहेर यायची. दरवर्षी जेवण झालं की "पाय मोकळे करून येते" म्हणून त्या बागेला एक चक्कर मारायच्या आणि येताना पिशवीभर आवळे घेऊन यायच्या. मला वाटायचं, फाटकाबाहेर बसणाऱ्या बाईकडून घेत असतील. त्या आवळ्यांची ओवा, जिरं, सैंधव लावून सुपारी करायच्या आणि ओळीत सगळ्यांना वाटायच्या.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे गेले. त्या कार्तिकात मी कुठेच गेले नाही. गेल्या वर्षी गेले, आणि जाताना एक अर्ज लिहून नेला. बागेच्या कार्यालयाला विनंती, की सदर आवळीच्या झाडाला यांच्या नावाची छोटीशी पाटी लावावी. बाकी दोघींनी सह्या केल्या. ताईंनी अर्ज वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हा अर्ज देऊ नका."

"का?"

"हे आवळीचं झाड नाही."

मी म्हटलं, "यांनी दाखवलंय ते!"

"भाऊजी देवमाणूस होते हो. पण झाडातलं काय कळत होतं त्यांना?" आणि मग अगदी हळू, "हाई आवळानं झाड नही शे, माय."

माझ्या नाकावर राग, हे सगळ्या ओळीला माहीत आहे. पण त्या दिवशी मी जे बोलले त्याला राग म्हणत नाहीत. मी म्हटलं, "तुमच्या पोटात दुखतंय. तुमचा माणूस जाऊन वीस वर्षं झाली, त्याच्या नावाने एक तुळस तरी लावलीत का?" बाकी दोघी आपापल्या पत्रावळीकडे बघत बसल्या. मी अर्ज उचलला, पिशवी उचलली आणि एकटी बस धरून घरी आले. अर्ज काही दिला नाही. देणार तरी कुठल्या तोंडाने? मनात कुठेतरी एक टोचणी लागलीच होती ना.

मग अख्खा हिवाळा आम्ही बोललो नाही. भिंत एकच. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता यायच्या, माझा खोकला त्यांना ऐकू जात असणार. एकदा मी मुद्दाम जोरात खोकले. काय म्हणायचं असल्या बाईला! दार उघडून हाक मारायची सोडून खोकते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असतील.

वैशाखात त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. आईला पुण्याला नेतोय, कायमची, असं ओळीतून कानावर आलं. मी पडद्याआड उभी राहून बघत होते. शिलाई मशीन गेलं, कपाट गेलं, तुळशीची कुंडी गेली. होय, कुंडी. म्हणजे तुळस होती त्यांच्याकडे, मागच्या दारी, वीस वर्षं. मला माहीत होतं ते. माहीत असूनच मी तसं बोलले होते. मग माझी बेल वाजली. एकदा, थोड्या वेळाने परत एकदा. माझे पाय जागचे हलले नाहीत. टेम्पो गेल्यावर दार उघडलं तर कडीला माझीच कापडी पिशवी अडकवलेली, आणि आत माझा स्टीलचा डबा, यांचं नाव कोरलेला. भांडणाच्या आधी, दिवाळीत, करंज्या घालून मी तो त्यांना दिला होता.

पिशवी हाताला हलकी लागली. डबा हलवला, वाजला नाही. म्हणजे रिकामा. आता आपल्याकडे डबा रिकामा परत देतात का? काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही, तिने माझा डबा रिकामा दिला. म्हटलं, संपलं. पिशवी जशीच्या तशी माळ्यावर टाकून दिली.

म्हणून या वर्षी मी एकटी. बाकी दोघींपैकी एक सुनेच्या बाळंतपणाला गावी गेलेली, दुसरीचे गुडघे धरलेले. "या वर्षी राहू द्या ना," असं दोघीही म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे तर राहू दे, मी जाते. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. ताईंच्या घरात आता तीन पोरं भाड्याने राहतात, कामावर जातात आणि येतात, भिंतीतून आवाज म्हणून येत नाही. मला त्या शांततेत आणखी एक सणाचा दिवस काढायचा नव्हता.

आणि अडचण एकच होती. आमच्या सासूबाईंची शिकवण अशी, की आवळीखाली एकट्याने जेवायचं नाही. आधी दुसऱ्याच्या पानात वाढायचं, त्याने घास घेतला की मग आपण. मला त्या दिवशी देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. कुणीतरी माझ्यासमोर बसून एक घास खावा, बस.

जेवणाची कापडी पिशवी घरात ती एकच. माळ्यावरून काढली. तळाशी डबा होता, तो तसाच राहू दिला. उरलंसुरलं घालून आणायला लागतोच. वर भरताचा डबा, भाकरी, दही, हळदीकुंकू, सुताची गुंडी, दोन पत्रावळी. बसथांब्यावर त्र्यंबकेश्वरला निघालेल्यांची ही गर्दी! एक बाई म्हणाली, "चला मावशी, दर्शनाला?" मी म्हटलं, नाही, बागेत. तिने माझ्याकडे असं बघितलं, की या वयात ही बागेत कुणाला भेटायला चाललीय.

बाग छान आहे, खोटं कशाला बोलू. चालायला फरशीची वाट, व्यायामाची लोखंडी यंत्रं, शेवंतीचे वाफे. हसण्याचा क्लब सुटत होता, दहा-बारा माणसं हात वर करून हा हा हा करत होती. मला त्यांचा हेवा वाटला. खोटं हसायलासुद्धा सोबत लागते.

कोपऱ्यातल्या झाडाला पाणी घातलं, कुंकू लावलं, सूत गुंडाळलं. मग चटई घातली, समोरासमोर दोन पत्रावळी मांडल्या आणि वाट बघायला लागले. कुणाची, ते माझं मलाच माहीत नाही.

एक आजोबा झपाझप चालत आले. म्हटलं, "काका, आवळी भोजनाचा प्रसाद, दोन घास घ्या." ते चालता चालताच म्हणाले, "शुगर आहे हो, सव्वातीनशे." भरतात कसली आलीय साखर, पण ते पुढच्या वळणावर पोचले होते. मग एक जोडपं आलं, मोबाइल काठीला लावून नाचायची तयारी करत. मुलीने दोन्ही पत्रावळी बघितल्या आणि विचारलं, "आंटी, कुणी येणारे का? आम्ही जरा पलीकडे करू का?" मी म्हटलं, "येणारे." हो, असं म्हटलं मी. का म्हटलं देव जाणे. ती दोघं पलीकडे गेली. फाटकावरच्या रखवालदाराला विचारून आले, तो म्हणाला, आत्ताच जेवलो. दहीभाकरीचा डबा उघडून तसाच समोर, आणि मी त्याच्यावरच्या माशा वारत बसलेली. मला रडू यायला लागलं. भूक लागली की मला रडू येतं असं हे म्हणायचे, पण ते भुकेचं नव्हतं.

तेवढ्यात माळी आला. पन्नाशीचा असेल, हातात झाडांची कात्री. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मावशी, सुबाभळीला कशापायी कुंकू लावलं?"

मी म्हटलं, "सुबाभूळ तुझी असेल! ही आवळी आहे. नर आवळी."

"आवळीत असा नर-बिर नसतोय मावशी. ही सुबाभूळ हाय. शेळ्यांना घालत्यात ती." त्याने वरच्या वाळक्या चपट्या शेंगा दाखवल्या. "आवळीला शेंगा येत्यात का?"

त्या शेंगा मी अकरा वर्षं बघत होते. एकदा विचारलंही होतं, तर हे म्हणाले होते, बाजूच्या झाडाच्या वाऱ्याने अडकल्यात. आणि मी "बरं" म्हटलं होतं. मी माळ्याशी तरीसुद्धा भांडले. वाट्टेल ते बोलले. तुला काय कळतं, तू काल आलास, आम्ही वर्षानुवर्षं येतोय. तो बिचारा ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "चला, तुम्हाला खरी दाखवतो. लांब नाय."

खतखड्ड्याच्या पलीकडे, कुंपणाला लागून होती ती. फांद्या आवळ्यांनी लगडून खाली आलेल्या. बघता क्षणी कळत होतं. आंधळ्याला हात लावूनही कळलं असतं.

माळी म्हणाला, "इथं एक बाई यायच्या दर साली. देवळ्याकडच्या. मला इचारून आवळे न्यायच्या, जाताना मला भाकरी-भरीत देऊन जायच्या. भरीत लय झकास असायचं."

भरीत माझं होतं.

"मी त्यांना म्हणायचो, बाई, इथंच बसून जेवा ना, आवळी तर हीच हाय. तर म्हणायच्या, नाही, आमची जागा ठरलेली आहे. गेल्या साली जेवल्याबी नाय. लय वेळ इथं बसून व्हत्या. उठताना आवळे मात्र नेले."

मी तिथेच दगडावर बसले. अकरा वर्षं. पहिल्या दिवशी "आवळे कुठे दिसत नाहीत" विचारलं तेव्हाच या बाईला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याने चार बायकांत छातीठोकपणे सांगितलं, त्याचं हसं नको, म्हणून गप्प राहिली. अकरा वर्षं शेळ्यांच्या चाऱ्याखाली बसून जेवली. आणि तोंड उघडलं ते कधी, तर मी सुबाभळीवर यांच्या नावाची पाटी लावायला निघाले तेव्हा. कार्यालयातला कारकून हसून हसून लोळला असता, सगळ्या बागेत झालं असतं. तिने माझी अब्रू राखली, आणि मी तिला मेलेल्या माणसावरून बोलले.

माळ्याने ओंजळभर आवळे काढून दिले. त्याला म्हटलं, चल, दोन घास खा. तो म्हणाला, "यंदापासून उपास धरलाय मावशी, चतुर्दशीचा. नाय तर सोडलं नसतं." तो कामाला गेला. मी आवळे पदरात घेऊन परत कोपऱ्यात आले. ते घालायला पिशवीच्या तळातला डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं. चमच्याचा दांडा घालून उचकटलं.

आत पांढऱ्या मलमलीची पुरचुंडी होती, डब्यात अगदी चेपून बसवलेली. सोडली. ओव्याचा वास आला.

आवळासुपारी. गेल्या कार्तिकातल्या आवळ्यांची, त्याच दिवशीच्या. माझं ते बोलणं ऐकून घेतल्यावर त्या आवळीखाली बसल्या, आणि उठताना आवळे घेऊन गेल्या. किसले, मीठ लावलं, वाळवले, आणि सहा महिने माझी वाट बघितली. मग दोनदा बेल वाजवली.

आता मात्र मी मोठ्याने रडले. बघोत मेले कोण बघायचे ते.

बऱ्याच वेळाने फोन काढला. नंबर पुसून टाकला होता, पण वीस वर्षांचा नंबर बोटांना पाठ असतो. वाजत राहिला. आता उचलत नाहीत असं वाटलं, तेवढ्यात आवाज आला, "हॅलो, कोण?"

मी क्षमा मागायचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "ताई, डबा रिकामा नव्हता."

त्यांच्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. मग त्या म्हणाल्या, "आत्ता उघडला? कार्तिकात?"

"हो."

"बुरशी नाही ना आली?"

"नाही. चांगली आहे." मग मी म्हटलं, "ताई, मी फार वाईट बोलले तुम्हाला. तुळस होती तुमची, मला माहीत होतं. आणि झाडाचंही तुमचंच खरं होतं. माळ्याने दाखवली मला आवळी."

त्यांनी नाक ओढलेलं ऐकू आलं. "माझं ऐकलं नाही आणि माळ्याचं ऐकलं?"

"त्याच्याशीही भांडले."

"भांडला असणारच." मग म्हणाल्या, "इथे नवव्या मजल्यावर आवळी कुठली, वहिनी. सकाळपासून तुमच्या भरताची आठवण काढतेय. कोण कोण आलंय?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"मग बसलात कुठे? त्या खऱ्या आवळीखाली?"

मी वर बघितलं. चपट्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "आपल्याच."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी दोन्ही पत्रावळींवर भरीत वाढलं, भाकरी मोडून ठेवली, समोरच्या पानापाशी फोन ठेवला आणि आवाज मोठा केला.

"वाढलं, ताई."

बऱ्याच वेळाने पुण्याहून आवाज आला, "घेतला मी घास. जेवी ले माय."

मग मी जेवले.